अंधाराचे वेळापत्रक

रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या परिसरात डोलवी हे गाव आहे. एकीकडे खाडीलगतची भातशेते, तर दुसरीकडे मुंबई-गोवा महामार्गाची अखंड वर्दळ. १९९० च्या दशकात येथे पोलादाचा प्रचंड कारखाना उभा राहिला. तेथे विजेच्या भट्ट्यांत लोखंडाचा रस होतो. एका भट्टीला जी वीज लागते, तिच्यापुढे एखाद्या घरातील दोन दिवे व एक पंखा म्हणजे समुद्रापुढे ओंजळभर पाणी होय. तथापि विजेचा तुटवडा पडला की प्रथम कळते ते या ओंजळीलाच.

२००५ नंतरची काही वर्षे मुंबई शहर वगळता महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत भारनियमन चालू होते. शहरांत काही तास आणि खेड्यांत त्याहून कितीतरी अधिक काळ वीज बंद राही. वर्तमानपत्रांतून वेळापत्रके छापून येत. गृहिणी ती कापून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवीत. मग सारा संसार त्या कागदाच्या तंत्राने चाले. वीज जाण्यापूर्वी वाटण उरकायचे, पंप लावून टाकी भरायची, दळणाचा डबा गिरणीत पोचवायचा. संध्याकाळ होण्याआधी राखुंडीने कंदिलाची काच पुसून ठेवायची. परीक्षा जवळ आली म्हणजे एका कंदिलाभोवती तीन भावंडे तीन वेगवेगळ्या इयत्तांचा अभ्यास करीत, आणि काच कोणाच्या बाजूस अधिक काजळली आहे यावरून भांडत.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांची अडचण निराळीच होती. आषाढ-श्रावणात तेथे रंगकामाची घाई असते. वीज नसली की रंग फवारण्याचा कॉम्प्रेसर थांबे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तर हाताने करावयाची. तिला स्थिर उजेड हवा, आणि चतुर्थी काही कोणासाठी पुढे सरकत नाही.

छापील वेळेचा अंधार लोक कसाबसा सोसत. त्यांचा संताप होई तो वेळापत्रकाबाहेरच्या अंधारामुळे. चार वाजता येणारी वीज पाच वाजले तरी आली नाही, म्हणजे वायरमनच्या घरापर्यंत मुले धावत. बहुधा त्या बिचाऱ्याच्या घरीही चिमणीच जळत असे.

वीज अशी का तोडावी लागते? धान्य कोठारात भरून ठेवता येते. वीज मात्र ज्या क्षणी निर्माण होते, त्याच क्षणी बहुतांशी खर्चावी लागते. आपल्याकडील विद्युत्प्रवाहाची आवर्तने सेकंदाला ५० असावी लागतात. मागणी निर्मितीहून वाढली की जनित्रांची गती मंदावते व आवर्तने घटू लागतात. ती फार घटली तर जनित्रे आपोआप बंद पडून साऱ्या राज्यात काळोख होण्याचे भय असते. तो प्रसंग टाळण्यासाठी काही वाहिन्या मुद्दाम बंद कराव्या लागतात. त्या वर्षांत मागणी वाढत गेली, परंतु नवी केंद्रे त्या प्रमाणात उभी राहिली नव्हती. दाभोळचा मोठा प्रकल्पही २००१ मध्ये बंद पडला होता. तूट ऐन वेळी ४,००० मेगावॅटच्याही पुढे जाई.

मग कोणाचा दिवा मालवायचा? महावितरणने विजेची गळती व बिलांची वसुली पाहून भागांचे गट पाडले. जेथे गळती अधिक, तेथे अंधार अधिक. हिशेब सरळ दिसतो. पण त्यात एक अन्याय दडलेला होता. वाहिनी सर्वांची एकच असते. शेजारी तारेवर आकडा टाकून वीज घेई, आणि महिन्याच्या महिन्याला बिल भरणाऱ्याच्या घरातील दिवाही त्याच्याबरोबर विझे. प्रामाणिकपणाची अशी शिक्षा लोकांना फार झोंबली.

रायगडकरांना आणखीही एक गोष्ट झोंबण्याजोगी होती. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत् केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि कुंडलिकेच्या खोऱ्यातील भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. ही तिन्ही केंद्रे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी येथे कोसळे, आणि त्याची वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे जाई. भिऱ्याला तर वीज साठविण्याची युक्तीही आहे : मागणी कमी असताना खालचे पाणी पुन्हा मुळशीच्या जलाशयात चढवितात, व मागणी वाढली की तेच पाणी उतरवून १५० मेगावॅटचा संच चालवितात. भारनियमनाच्या काळात या तारांखालील अनेक घरांत कंदील पेटत होते, आणि तारांच्या दुसऱ्या टोकाला मुंबई झगमगत होती.

२०१२ च्या अखेरीस, जेथे गळती अल्प होती असे भाग भारनियमनातून मुक्त झाल्याचे शासनाने जाहीर केले. कंदील माळ्यावर गेले. परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, असंख्य खांब उन्मळून पडले, आणि कित्येक गावांत वीज परत येण्यास आठवड्यांमागून आठवडे लागले. त्या अंधाराला वेळापत्रक नव्हते. पुढे एप्रिल २०२२ मध्ये कडक उन्हाळा व कोळशाची टंचाई एकदम आली, आणि भारनियमनाच्या वेळा महाराष्ट्रात पुन्हा छापून येऊ लागल्या. तेव्हा काही घरांतील आजीबाईंनी माळ्यावरचा कंदील खाली काढविला, त्याची वात कातरली आणि नातवंडांना राखुंडी म्हणजे काय ते समजावून सांगितले.