वर्गातील हवेचे तत्क्षणी मापन

(इयत्ता सहावी ते आठवीच्या विज्ञानशिक्षकांसाठी)

सकाळी झरोक्यातून उन्हाची तिरीप वर्गात येते, तेव्हा तिच्यात धूलिकण तरंगताना दिसतात. ते कण तेथे नव्याने आलेले नसतात. त्यांच्यावर आदळून प्रकाश विखुरतो, म्हणून ते दृष्टीस पडतात. हवेतील धूळ मोजणारा लहान संवेदक ह्याच तत्त्वावर चालतो. छोटा पंखा हवा आत ओढतो, तिच्यातून लेसरचा किरण जातो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून यंत्र कणांचा अंदाज बांधते. पाठाचा आरंभ तिरिपेपासूनच करावा. यंत्र मागाहून दाखवावे.

गाळणकागद तोलून चोवीस तासांची सरासरी काढण्याची पद्धत भरवशाची खरी. परंतु सरासरीत तास हरवतो. विद्यार्थ्यांस हे गणित घालावे : बावीस तास हवेत घनमीटरास ३० मायक्रोग्रॅम सूक्ष्मकण होते, आणि पोषण आहाराची चूल धुमसत असता दोन तास ३००. सरासरी येते ५२.५. अडीच मायक्रॉन व त्याहून बारीक कणांसाठी २००९ च्या राष्ट्रीय मानकांत चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. म्हणजे कागदोपत्री हवा निर्दोष. मुले मात्र ते दोन तास वर्गातच बसलेली असतात. सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्र शाळेलगत चालते, तेव्हाही हेच घडते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१० साली दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी ‘सफर’ ही प्रणाली उभारली आणि पुढे ती पुणे व मुंबई येथेही आणली. तिची यंत्रे मोठी व महाग आहेत. शाळेपुरते पाहता संवेदक, नियंत्रक, घड्याळ आणि नोंद साठविणारे कार्ड एवढ्यावर भागते. घड्याळ मात्र वगळू नये; वेळेवाचून आकडा निरुपयोगी होय.

जागेची निवड हा रचनेतील खरा कस. यंत्र चुलीच्या तोंडाशी ठेवले तर चूलच मोजली जाईल. ते बसलेल्या मुलांच्या नाकाच्या उंचीवर ठेवावे, आणि दुसरे बाहेर ओसरीत. दोन्ही प्रथम शेजारी ठेवून आकडे जुळतात की नाही ते पाहावे. पावसाळ्यात व धुक्यात कण ओलाव्याने फुगतात आणि आकडा फुगवून दाखवितात; यास्तव आर्द्रतामापक सोबत हवाच. शक्य तेव्हा शासकीय मापनकेंद्रातील प्रमाणित यंत्राशी पडताळा घ्यावा.

धूर कोणता नि झाडलोटीची धूळ कोणती, हे यंत्रास कळत नाही. म्हणून ‘वर्ग झाडला’, ‘चूल पेटविली’ अशा नोंदी विद्यार्थ्यांकडून वेळेसह लिहून घ्याव्यात. चुलीच्या वेळी आकडा चढतो असे दिसल्यास स्वयंपाकघराकडील खिडकी त्या वेळापुरती लावून समोरची उघडावी, आणि पुन्हा आठ दिवस नोंदी घ्याव्यात.