वृद्धांच्या हाती नवे तंत्र : बुलढाणा जिल्ह्यातील काही निरीक्षणे

वयोवृद्ध माणसे नवे तंत्र शिकत नाहीत, असा समज कचेऱ्यांतून आणि गावांतूनही आढळतो. बुलढाणा जिल्ह्यातील ग्रामजीवन पाहता तो पूर्णांशाने मान्य करता येत नाही. ज्या आजोबांना कीर्तन ऐकावयाचे असते, ते यूट्यूब लावावयास लवकर शिकतात. मग शासकीय कामातच ते का अडतात?

बोटांच्या ठशांचेच उदाहरण घ्यावे. कापूस आणि सोयाबीन ही या जिल्ह्यातील प्रमुख पिके. निंदण, वेचणी, सोंगणी यांत आयुष्य गेलेल्या हातांच्या रेषा झिजतात. वयपरत्वे त्वचाही कोरडी पडते. असा ठसा यंत्र स्वीकारीत नाही, आणि श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान खात्यात जमा असूनही केंद्रावरून रिकाम्या हाताने परतावे लागते. हा दोष त्या वृद्धेचा कसा म्हणावा? बुबुळावरून व चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आधार व्यवस्थेत आहे. परंतु तिचे साधन प्रत्येक केंद्रावर असतेच असे नाही. निवृत्तिवेतनधारकांसाठी संगणकीय हयातीचा दाखला, अर्थात 'जीवन प्रमाण', नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाला. नोव्हेंबर २०२१ पासून तो स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही मिळू लागला. त्यासाठी फोन स्वतःचाच असावा लागत नाही, शेजारच्या शिक्षकाचाही चालतो. ही गोष्ट निवृत्त शिक्षकांपैकीही अनेकांना ठाऊक नसते.

ओटीपीचा अडसर निराळा आहे. नोंदविलेला क्रमांक मुलाचा, आणि मुलगा कामानिमित्त पुण्यास. कधी जुना क्रमांक बंद पडून परक्या ग्राहकाकडे गेलेला असतो.

पूर्वी पीकपाहणी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकऱ्यानेच बांधावर जाऊन पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे, अशी पद्धत आली. भाषा मराठी असली तरी उन्हात पडदा दिसत नाही, अक्षरे बारीक, बोट थरथरते. आता सहायकामार्फतही नोंद होते, हे चांगलेच झाले. मात्र मदतनिसाने फोन आपल्या हाती घेतला की काम उरकते आणि शिकणे राहून जाते. एका वेळी एकच काम, वृद्धाच्याच फोनवर, त्याच्याच बोटाने, आणि तेही चार-सहा वेळा करवून घ्यावे. अक्षरे मोठी करून द्यावीत. लिहिण्याऐवजी बोलून शोधण्याची सोय दाखवावी. शाळेतील मोठ्या मुलांना हे सहज साधेल.

पैसे जातील ही वृद्धांची भीतीही अनाठायी नाही. अंगठा लावला, पण किती रक्कम निघाली हे कळले नाही, असे होऊ नये म्हणून ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या गावच्या केंद्रावर एवढे अवश्य पाहावे : ठसा घेण्यापूर्वी रक्कम मोठ्याने वाचली जाते काय, आणि छापील पावती हाती पडते काय. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. विलंब होईल तसतशी रक्कम अडविणे कठीण होते.