देवासच्या नाक्यावर पोहे कसे खावेत, आणि घरी कसे करावेत

माळव्यात पोहे वाफेवर धरून ठेवतात. महाराष्ट्रातून देवासला किंवा धारला जाणाऱ्याने एवढं आधी मनात पक्कं करावं, म्हणजे पहिल्या घासाला "अरे, ह्यात कांदा परतलाच नाही" असं वाटून हिरमोड होत नाही. आपले कांदेपोहे घरातले, पाहुण्यांसमोर ठेवायचे. तिथले पोहे नाक्यावरचे, कामाला निघालेल्या माणसाने उभ्याने खायचे. नातं मात्र सख्खं आहे. १७२८ मध्ये तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी देवासला आपली गादी मांडली, धारलाही पवारांचंच राज्य आलं, आणि पोहे मराठ्यांबरोबरच माळव्यात आले असं तिथले लोक आजही अभिमानाने सांगतात. तिथे राहून पोह्यांनी बडीशेप घेतली, जीरावन हा वरून भुरभुरायचा मसाला घेतला, शेव घेतली. वचनसुद्धा बदललं: आपण "पोहे झाले" म्हणतो, तिथे "पोहा बन गया" म्हणतात.

माझी मामी देवासची. तिच्याकडे सुट्टीत गेलं की सकाळी ती एकच वाक्य बोलायची, "चहा नका घेऊ रे आधी, नाक्यावर जाऊन या." या रीतीची पहिली पायरी हीच. गोड दुधाच्या चहाने भूक मंदावते आणि पोह्यांची बडीशेप जिभेला लागत नाही. चहा नंतर घ्यायचा. सात ते नऊ ही वेळ उत्तम. नऊनंतरही पोहे मिळतात, पण तोवर परातीतला ढीग दोनदा-तीनदा भरलेला असतो आणि कडेचे पोहे जुने झालेले असतात.

आता दुकान निवडायचं. पाटी वाचू नका, भांडं बघा. खाली पाण्याचं मोठं पातेलं उकळत असतं, त्याच्यावर परात किंवा कढई बसवलेली असते आणि तिच्यात पिवळ्याधमक पोह्यांचा डोंगर असतो. डोंगराच्या माथ्यावरून वाफ निघताना दिसली पाहिजे. खालचं पाणी थंड पडलं असेल तर पुढच्या दुकानात जा, कितीही नावाजलेलं असलं तरी. दुसरी खूण जिलबीची: कढई चालू हवी आणि जिलबी तुमच्यासमोर पाकातून निघायला हवी. ताटात रचून ठेवलेल्या जिलब्यांना तासाभरात मऊपणा येतो. तिसरी खूण गिऱ्हाइकाची. देवास कारखान्यांचं गाव आहे, सरकारी नोटा छापणारा छापखानाही इथेच आहे. पाळीला जाणारी माणसं रोज जिथे थांबतात तिथे माल शिळा राहू शकत नाही. धारला हीच परीक्षा बसस्थानकाच्या आसपास करावी. मांडूला जाणाऱ्यांनी तर धारलाच खाऊन निघावं, पुढे साधारण पस्तीस किलोमीटरचा रस्ता आणि मग दिवसभराची पायपीट आहे.

वाफेचा एवढा आग्रह का, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. पोहा हा मुळात शिजलेला दाणा आहे. भात गरम पाण्यात भिजवतात, भाजतात आणि चेपतात, तेव्हाच तो निम्म्याहून अधिक तयार झालेला असतो. त्याला हवं असतं फक्त पाणी आणि ऊब. कढईत परतला की पाणी उडतं, म्हणून आपण तेल वाढवतो, तरीही अर्ध्या तासात तो कोरडा पडतो. माळव्याची हवा आधीच कोरडी. गायक कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयातून बरं होण्यासाठी देवासला आले ते याच कोरड्या हवेसाठी, आणि पुढे १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत तिथेच राहिले. फुप्फुसांना जी हवा मानवली तीच हवा उघड्या पोह्यांना मारक. म्हणून तिथल्या लोकांनी परात उकळत्या पाण्यावर चढवली. तेल कमी लागलं, पोहे दोन-दोन तास मऊ राहिले, आणि गरिबालाही परवडेल असा नाश्ता उभा राहिला. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. कोणी एकाने लावला नाही, त्यामुळे त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही.

दुकानासमोर पोहोचलात की आधी सांगा, मग पैसे काढा. सांगण्याचाही क्रम आहे: "भिया, एक प्लेट पोहा, जीरावन कम, नींबू ज्यादा, सेव ऊपर से." "भिया" ही इंदुरी हाक आहे, देवास-धारलाही चालते, आणि पंचविशीच्या पोरापासून साठीच्या मालकापर्यंत सगळ्यांना. मराठी घरातून आलेली बाई मात्र मालकाला "भैय्या" किंवा "काका" म्हणते. जीरावन आधी सांगायचं, कारण विक्रेत्याचा हात सवयीने त्याच डब्याकडे आधी जातो आणि नवख्याला तो मसाला जास्त होतो. काही दुकानांत पोह्यांवर उसळ घालून देतात, त्याला "उसल पोहा" म्हणतात. पहिल्या दिवशी उसळ घेऊ नका. पोह्यांची मूळ चव आधी कळू द्या, दुसऱ्या दिवशी उसळ घ्या. नवरात्रात देवासच्या टेकडीवर चामुंडा आणि तुळजाभवानीच्या दर्शनाला जाणार असाल आणि उपवास असेल, तर साबुदाण्याची खिचडी मागा. माळव्यात तीही वाफेवरच ठेवतात आणि वरून मसाला, लिंबू घालून हलवून देतात.

प्लेट हातात येण्याआधी एक गोष्ट ठामपणे म्हणा: "अखबार पे मत देना." छापील कागदाची शाई गरम, तेलकट पदार्थात उतरते. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच वर्तमानपत्रात अन्न न देण्याविषयी सूचना काढली होती. बहुतेक दुकानांत स्टीलची ताटली किंवा पानाचा द्रोण असतो, मागितलं की मिळतो. मागणारे वाढले की दुकानदार आपोआप बदलतात, म्हणून संकोच करू नका.

आता खाणं. लिंबू आधी पिळा, पोह्यांवर, शेवेवर नाही. शेवेवर रस पडला की ती दोन मिनिटांत लगदा होते. सगळं एकदम कालवू नका. चमचा कडेने आत घाला, म्हणजे प्रत्येक घासात तळचे गरम पोहे, मधला कच्चा कांदा आणि वरची कुरकुरीत शेव येते. मध्येच डाळिंबाचे चार दाणे लागतात, ते मुद्दाम घातलेले असतात, बाजूला काढू नका. दोन घास पोह्यांचे, एक तुकडा जिलबीचा, असा क्रम धरा. जिलबी शेवटी गोड म्हणून खायची ही आपली सवय इथे सोडावी लागते. बडीशेपेच्या तिखटगोड पोह्यांनंतर आंबूस पिठाची गरम जिलबी, आणि पुन्हा पोहे, यातच सगळी गंमत आहे. आणि हातातली प्लेट थांबवून ठेवू नका, फोटोसाठीसुद्धा. जपानमध्ये हाताने वळलेल्या भाताची सुशी ही मुळात आताच्या टोकियोत, म्हणजे तेव्हाच्या एदोत, रस्त्यावरच्या गाड्यांवर उभ्याने खायची वस्तू होती. १९५८ मध्ये ओसाकाजवळ एका दुकानदाराने फिरत्या पट्ट्यावर ताटल्या सोडून ती पुन्हा सामान्य माणसाच्या खिशात आणली. तिथेही नियम हाच: समोर आली की लगेच तोंडात घालायची, कारण भाताची ऊब क्षणाची असते. तांदळाच्या स्वस्त पदार्थांना सगळीकडे हीच घाई असते.

शेव संपली तर "थोडी सेव और" म्हणा, बहुतेक ठिकाणी मूठभर वरून पडते. दोन प्लेट पोहे आणि शंभर ग्रॅम जिलबी यांना बहुधा शंभराची नोट पुरते. मग चहा. आणि द्रोण डब्यातच टाका. शेजारचं इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं, त्याचा वचक देवासवरही आहे.

घरी करायचे तर चार माणसांना पुरतील एवढं साहित्य असं: जाडे पोहे २५० ग्रॅम, तेल दोन मोठे चमचे, मोहरी, बडीशेप आणि जाडसर ठेचलेले धने प्रत्येकी एक चमचा, हिरव्या मिरच्या तीन-चार, कढीपत्ता, हळद अर्धा चमचा, साखर दोन चमचे, मीठ. वरून घालायला बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू, डाळिंबाचे दाणे, शेव आणि जीरावन. पातळ पोहे अजिबात वापरू नका, वाफेत त्यांचा गोळा होतो.

पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धरा. बोटांनी हलकेच फिरवत अर्ध्या मिनिटात पाणी बंद करा. भांड्यात बुडवून भिजवायचे नाहीत. चाळणी तिरकी करून दहा मिनिटं निथळू द्या. एक दाणा चिमटीत दाबून पाहा: सहज दबला पाहिजे, आत कडक कणी नको, पण दाणा अख्खा दिसला पाहिजे. कडक लागला तर पाण्याचा एक हबका मारून पाच मिनिटं थांबा. मग हळद, मीठ आणि साखर या ओल्या पोह्यांनाच लावा. फोडणीत हळद घातली की रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो, ओल्या दाण्याला लावली की आतपर्यंत जातो. देवासच्या पोह्यांचा एकसारखा पिवळा रंग याच कारणाने येतो.

लहान कढल्यात तेल तापवून मोहरी तडतडू द्या, धने आणि बडीशेप घाला, मग मिरची आणि कढीपत्ता. बडीशेप करपू देऊ नका, लगेच गॅस बंद करा. फोडणी पोह्यांवर ओता आणि खालून वर असं उचलत मिसळा. चमच्याने दाबून कालवले तर दाणे मोडतात.

एका खोल पातेल्यात एक तृतीयांश पाणी उकळायला ठेवा. पोह्यांची चाळणी त्याच्या तोंडावर बसवा, पाणी चाळणीच्या तळाला लागता कामा नये. झाकणाला स्वच्छ कापड बांधा, नाहीतर वाफेचे थेंब पोह्यांवर पडून तेवढाच भाग चिकट होतो. मी पहिल्यांदा कापड विसरले होते, आणि वरचा थर काढून टाकावा लागला. आठ ते दहा मिनिटांनी झाकण उघडा. पोहे फुगलेले, मऊ आणि मोकळे असतील. आच मंद करा आणि तसेच ठेवा. तासभर पाहुणे येत राहिले तरी चालतं, दर पंधरा मिनिटांनी एकदा खालीवर करायचे आणि पातेल्यात गरम पाणी घालायचं.

जीरावन आदल्या दिवशी करून ठेवा. दोन चमचे धने, दोन चमचे जिरे, एक चमचा बडीशेप, अर्धा चमचा मिरे, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, एक मसाला वेलदोडा, एक तमालपत्र आणि चार सुक्या मिरच्या मंद आचेवर कोरड्या भाजा. गार झाल्यावर सुंठ, हिंग, हळद, किसलेलं जायफळ, एक चमचा आमचूर, एक चमचा काळं मीठ आणि चवीपुरतं साधं मीठ घालून बारीक दळा. घट्ट झाकणाच्या बरणीत हा मसाला महिनाभर चांगला राहतो. तो फोडणीत कधीच घालायचा नाही. त्यातला आमचूर आणि काळं मीठ कच्चंच खुलतं, शिजवलं की मसाला कडवट लागतो.

वाढताना ताटलीत आधी पोहे, त्यावर लिंबू, मग चिमूटभर जीरावन, मग कांदा, कोथिंबीर, डाळिंब, आणि अगदी शेवटी, खाणारा समोर बसल्यावर, शेव. जिलबी घरी करायचा हट्ट धरू नका, पीठ रात्रभर आंबवावं लागतं आणि हात बसायला वेळ जातो. जवळच्या हलवायाकडून गरम आणा.

पोहे उरले तर कढईत परतू नका. चाळणीत घालून पाच मिनिटं वाफ द्या, सकाळसारखेच होतात.