नवा ट्रॅक्टर सदोष निघाला तर?



कर्ज काढून आणलेला नवा ट्रॅक्टर ऐन ऊस वाहतुकीत पुन्हा पुन्हा बंद पडतो. कंपनीने तो परत घेऊन पैसे द्यावेत, ही मागणी कायद्यात बसते काय? बसते, पण दोष मुळातलाच आहे, हे आपल्याला दाखवावे लागते. २००६ साली मारुती मोटारीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वॉरंटी सदोष भाग बदलण्याची असते, अख्खी गाडी बदलण्याची नव्हे. म्हणून आम्ही सांगतो, नुसती तोंडी तक्रार कामाची नाही.

१) दर खेपेला जॉबकार्ड घ्या. तारीख, चाललेले तास आणि बिघाड त्यावर लिहवून घ्या.

२) विक्रेता व कंपनी, दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस द्या. पावती जपा.

३) दाद लागली नाही, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे वाटूरच्या सभासदाने जालन्यालाच जावे. किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

४) तज्ज्ञाकडून तपासणी मागा. दोष शाबीत झाला, तर दुरुस्ती, बदली किंवा व्याजासह किंमत परत, असा हुकूम होऊ शकतो.

स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला ट्रॅक्टर या कायद्यात बसतो. भाड्याचा मोठा धंदा असेल, तर कंपनी हरकत घेते.

आणि एक, तक्रार चालू आहे म्हणून बँकेचा हप्ता थकवू नका. व्याज आपल्याच डोक्यावर चढते.