पेनीवरील बारीक अक्षर

अमेरिकेतील एका सेंटच्या तांबड्या नाण्यास तेथील लोक पेनी म्हणतात. १९०९ पासून, २०२५ मध्ये ते चलनासाठी पाडणे बंद होईपर्यंत, त्यावर अब्राहम लिंकनची छबी होती.

असे नाणे हाती आले म्हणजे आपण प्रथम साल वाचतो. पण आम्हांस सालाखालचे बारीक अक्षर अधिक बोलके वाटते. ‘डी’ म्हणजे डेन्व्हरची टांकसाळ, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची. फिलाडेल्फियाच्या पेनीवर अक्षरच नसे. २०१७ साली मात्र ‘पी’ उमटला. (आपल्याकडेही हैदराबादच्या नाण्यावर तारा असतो, कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसते!)

जितके जुने तितके मोलाचे, हा समज खरा नव्हे. १९०९ साली सॅन फ्रान्सिस्कोत, शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरे असलेल्या पेन्या अवघ्या ४,८४,००० पाडल्या गेल्या. आद्याक्षरे फार ठळक आहेत अशी ओरड झाली आणि ती त्याच वर्षी काढून टाकण्यात आली. म्हणून ही नाणी दुर्मिळ. आणि म्हणूनच साध्या पेनीवर खोटा ‘एस’ चिकटविणारे ठकही निपजले.

१९४३ साली युद्धासाठी तांबे राखून ठेवावे लागले, तेव्हा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पेन्या निघाल्या. त्या साली चुकून जुन्या ब्राँझच्या चकत्यांवर उठलेल्या मोजक्या पेन्यांस आज प्रचंड किंमत येते. साहजिकच पोलादी पेनीवर तांबे चढवून ती विकण्याचे प्रकार घडतात. अशा वेळी लोहचुंबक जवळ न्यावा. नाणे चिकटले, तर आत पोलाद आहे. चिकटले नाही, तरी लगेच हुरळून जाऊ नये. १९४८ मधील आठाचा तीन करणारे कारागीरही आहेत.