फिल्म तेवढीच, पडदा रुंद

वहीच्या पानावर लहानसा चौकोन काढून पान उभे धरा. पाण्याने भरलेला काचेचा गोल पेला त्याला टेकवून ठेवा व पेल्यातून पाहा. चौकोन आडवा ताणलेला दिसेल. उंची मात्र तेवढीच! कारण पेला आडव्या दिशेनेच वक्र आहे.

याच तत्त्वावर आंरी क्रेतियँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने दंडगोलाकार भिंगे वापरून कॅमेऱ्याचे भिंग रचले. १९५३ साली 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. नेहमीच्याच ३५ मिलिमीटर फिल्मवर दृश्याची रुंदी निम्मी दाबून टिपायची आणि प्रक्षेपकाच्या भिंगाने दुप्पट ताणायची. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९) असाच चित्रित झाला.

पण एक गोम होती. नट कॅमेऱ्याजवळ आला, की या जुन्या भिंगांचे दाबण्याचे प्रमाण घटे. समजा, २ ऐवजी १.८ पटच दाबले गेले. प्रक्षेपक तर इमानाने २ पटच ताणणार! २ ÷ १.८ = १.११. म्हणजे चेहरा ११ टक्के रुंद! हॉलिवुडमध्ये या दोषाला चक्क 'गालगुंड' म्हणत. फोकस बदलताना परस्परविरुद्ध फिरणारी आणखी भिंगे बसवून पॅनाव्हिजन कंपनीने हे गालगुंड बरे केले.