रोवणी

गोंदिया जिल्हा हा भाताचा आणि तलावांचा जिल्हा होय. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. आषाढात पावसाने जोर धरला, की येथील बांध्या पाण्याने तुडुंब भरतात, चिखलणी होते आणि मग रोवणीची एकच धांदल उडते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका खेड्यात अशाच धांदलीच्या दिवसांत एका शेतकरी कुटुंबात घडलेली ही हकीकत आहे.

कुटुंब मोठे होते. आजोबा, त्यांचे मुलगे व सुना गावी राहत. कोणी नागपूरला नोकरीस, तर कोणी पुण्याला शिकावयास होते. आत्या सालेकसा तालुक्यात दिली होती. दूर पांगलेल्या या वीस माणसांना मोबाइलवरील एका समूहाने बांधून ठेवले होते. कोणाकडे पाळणा हलला, कोणाच्या बांधीत पाणी आले, कोणाचा निकाल लागला, हे सारे त्या समूहात क्षणार्धात कळे.

एके दिवशी पुण्याच्या थोरल्या नातवाने सुचविले, “हे माध्यम आता जुने झाले. नवे निघाले आहे, ते चांगले आहे. आपण सर्वजण तिकडे जाऊ या.” तरुण मंडळींनी होकार दिला आणि हळूहळू वडीलधारेही तिकडे वळले.

घरातील बारा वर्षांचा धाकटा नातू वडिलांच्या फोनवर हे स्थित्यंतर कौतुकाने पाहत असे. नवी जागा त्याला नव्याने सारवलेल्या अंगणासारखी वाटली. तेथे जाहिराती नव्हत्या, कोणीतरी कोठूनतरी पुढे ढकललेले निरर्थक निरोप नव्हते. परंतु दोनच दिवसांत त्याला तेथे काहीसे चुकल्यासारखेही वाटू लागले. गेल्या दिवाळीची छायाचित्रे तेथे नव्हती. काकांच्या जुन्या गमती नव्हत्या. जो तो “नमस्कार” म्हणे आणि गप्प बसे. अंगण स्वच्छ होते, पण त्यात अजून कोणाच्या पावलांचे ठसे उमटले नव्हते.

असाच महिना लोटला. रोवणीच्या ऐन दिवसांत पावसात भिजून आजोबांना ताप भरला आणि त्यांना गोंदियाच्या रुग्णालयात न्यावे लागले. ती वार्ता लगेच नव्या समूहात घातली गेली. नागपूरहून मुलगा धावत आला, पुण्याहून नातवाचा दूरध्वनी आला. आत्या मात्र आली नाही. आजोबा दोन दिवस दाराकडे पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी बाजारात भेटलेल्या एका सोयऱ्याने आत्याला सहज विचारले, “बाबांची तब्येत कशी आहे?” तेव्हा कोठे तिला सारे समजले.

ती आली तेव्हा आजोबा घरी परतले होते. उंबऱ्यातच तिचे डोळे भरून आले. “बाबा, तुम्ही साऱ्यांनी घर बदललं आणि मला पत्तासुद्धा दिला नाही?”

कोणालाच उत्तर सुचेना. धाकटा भाऊ ओशाळून म्हणाला, “ताई, तुला बोलावणं पाठवलं होतं. तू आली नाहीस. आम्हांला वाटलं, येशील सावकाश.”

आत्याने आपला जुना फोन पुढे केला. त्यात तसूभर जागा उरली नव्हती. नवे माध्यम घ्यावयाचे, तर जुने पुसून टाकावे लागणार होते. “आणि जुनं कसं पुसू?” ती हळूच म्हणाली. “आईचा आवाज त्यातच आहे.” दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आजीने लेकीला पाठविलेले बोलके निरोप त्या जुन्या माध्यमात होते. त्यांपैकी एकही आत्याने पुसला नव्हता.

संध्याकाळी आजोबा नातवाला घेऊन धुऱ्यावर येऊन बसले. शेजारच्या बांधीत अजून रोवणी चालली होती. आजोबांनी विचारले, “बाळ, ही रोपे मुळात येथली का?”

“नाही आजोबा. आधी त्या कोपऱ्यात पऱ्हे टाकले होते. तीन-चार आठवड्यांनी ते उपटून येथे आणले.”

“बरोबर. जागा बदलल्यावाचून धान फुटत नाही, दाटीत ते खुरटते. म्हणून जागा बदलणे वाईट नव्हे. पण बाया रोप उपटतात कसे, ते नीट पाहा. नुसता शेंडा ओढून तोडीत नाहीत. मुळासकट काढतात, मुळे धुतात, जुडी बांधतात आणि मगच चिखलात रोवतात. तरीही पहिले काही दिवस ते रोप पिवळे पडते, मान टाकते. मुळांनी माती धरली, की मग हिरवे होते. आपण सर्वांनी शेंडे तेवढे उचलून आणले, मुळे मागेच राहिली.”

आजोबांचे हे बोलणे भातापुरते नव्हते. आज संपर्काची साधने वेगाने बदलत आहेत. १८७९ मध्ये भारतात पोस्टकार्ड सुरू झाले. ते कोणत्याही टपालकचेरीत टाकले, तरी कोणत्याही गावी पोहोचते. एका कंपनीच्या दूरध्वनीवरून दुसऱ्या कंपनीच्या दूरध्वनीवर बोलता येते. मोबाइलवरील बहुतेक समाजमाध्यमांचे तसे नाही. एका माध्यमातील निरोप सहसा दुसऱ्यात जात नाही. म्हणून तेथे एकट्याने जाऊन भागत नाही. साऱ्या गोतावळ्याला सोबत न्यावे लागते. याचे गणितही सोपे आहे. वीस माणसांच्या समूहात दोघादोघांच्या १९० जोड्या होतात. त्यांतील एक माणूस मागे राहिला, तर १९ जोड्या एकदम तुटतात. मागे राहणारी व्यक्ती एकच असते, पण धागे एकोणीस असतात.

शिवाय कोणतेच माध्यम चिरंतन नसते. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २००४ मध्ये सुरू झालेले ऑर्कुट हे माध्यम एके काळी भारतात फार लोकप्रिय होते. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. आपले साहित्य उतरवून घेण्यास लोकांना सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत मिळाली होती. ज्यांनी ती साधली, त्यांच्या आठवणी वाचल्या. बंगळूरू येथे २०२० मध्ये निघालेल्या ‘कू’ या देशी माध्यमात मराठीतूनही लिहिता येई. पिवळा पक्षी हे त्याचे चिन्ह होते. जुलै २०२४ मध्ये तेही बंद करण्याची घोषणा झाली. जे आज नवे आहे, तेही उद्या जुने होणार, हे ध्यानी ठेवूनच त्यात पाऊल टाकावे.

धुऱ्यावरून परतताच नातवाने वही काढली. वीसही जणांची नावे लिहिली आणि प्रत्येकापुढे तीन रकाने आखले: निरोप मिळाला का, फोनमध्ये जागा आहे का, जपून ठेवण्याजोगे काय आहे. नागपूरच्या काकांनी आजीचे सारे बोलके निरोप आत्याच्या फोनमधून संगणकावर उतरविले व त्यांची आणखी एक प्रत वेगळ्या कार्डावर ठेवली. दोन्ही ठिकाणी आवाज नीट ऐकू येतो, अशी खात्री झाल्यावरच जुन्या फोनला हात लावण्यात आला. छायाचित्रांपैकी निवडक छापून घेतली. सर्वजण नव्या ठिकाणी स्थिर होईपर्यंत जुना समूह मोडावयाचा नाही, असे ठरले. आजारपणाची किंवा सुखदुःखाची वार्ता कोणत्याही समूहावर न सोपविता प्रत्येकास दूरध्वनीने सांगावयाची, असाही नियम झाला.

समाजमाध्यमे वापरण्यास नातवाचे वय लहान होते. बहुतेक माध्यमांनी किमान तेरा वर्षांची अट घातली आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद २०२३ च्या भारतीय कायद्यात आहे. तेव्हा त्याला स्वतःचे खाते मिळाले नाही. परंतु त्याच्याकडे एक काम आले. दर रविवारी सकाळी वडिलांच्या फोनवरून आत्याला साद घालावयाची आणि तिचे बोलणे संपेपर्यंत ऐकावयाचे.

भाद्रपदात बांध्या हिरव्यागार झाल्या. त्या रविवारी आत्याने नव्या समूहात पहिला निरोप घातला. त्यात तिचे स्वतःचे शब्द नव्हते. आजीचा आवाज होता: “जेवलीस का गं?” क्षणभर सारे घर स्तब्ध झाले. मग नागपूर, पुणे, गोंदिया अशा सर्व ठिकाणांहून एकामागून एक उत्तरे येऊ लागली. आजोबांनी चष्मा पुसला आणि नातवाला म्हणाले, “आता मुळांनी माती धरली.”

स्वाध्याय

१. नातवाला नवी जागा सारवलेल्या अंगणासारखी का वाटली? तेथे कशाची उणीव भासली?
२. आत्याने नवे माध्यम का घेतले नाही?
३. “आपण शेंडे तेवढे उचलून आणले, मुळे मागेच राहिली.” या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. दहा जणांच्या समूहात दोघादोघांच्या किती जोड्या होतील? त्यांतील दोघे मागे राहिल्यास नव्या ठिकाणी किती जोड्या उरतील?
५. तुमच्या घरी जपून ठेवलेले एखादे पत्र, छायाचित्र किंवा आवाजाची नोंद पाहा अथवा ऐका. ती कोणी व का जपली, हे घरच्यांना विचारून दहा ओळींत लिहा.